ठिबकच्या जुन्या नळीतून वीज धावेल का?



खोडवा मोडला की बांधावर काळ्या नळ्यांचे भेंडोळे येऊन पडते. उंदरांनी कुरतडलेले, क्षारांनी तुंबलेले. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांतला मल्चिंग पेपर आणि शेततळ्याचा फाटका कागद यांची त्यात भर पडते. भंगारवाला भाव देत नाही म्हणून काहीजण पाचटाबरोबर सगळेच पेटवून देतात. पण याच मालापासून वीज वाहणारे प्लॅस्टिक तयार होऊ शकते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ठिबकची नळी पॉलिथिलीनची. पॉलिथिलीनमधून वीज जात नाही, म्हणून तर केबलच्या तारेवर त्याचे वेष्टण असते. मग तिचा काळा रंग कशाचा? तो कार्बन ब्लॅकचा, म्हणजे कारखान्यात धरलेल्या काजळीचा. पूर्वी घरोघरी दिव्यावर ताटली धरून काजळ पाडीत, तसेच तेल अर्धवट जाळून ही काजळी करतात. उन्हाने नळी फुटू नये म्हणून शंभर किलोमागे सुमारे अडीच किलो घालतात.

काजळीतून वीज जाते. नळीतून मात्र जात नाही. असे का? विहिरीचा गाळ काढताना माणसे रांगेने उभी राहतात आणि घमेले हातोहात वर जाते. दोघांत दहा हातांचे अंतर पडले की घमेले तिथेच अडते. नळीतले काजळीचे कण असेच दूर दूर असतात. काजळी वाढवीत नेली तर बराच वेळ काहीच फरक पडत नाही. मग साधारण पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास कणाला कण भिडतो, रांग जुळते आणि वीज एकदम वाहू लागते. काजळीच्या जातीनुसार हे प्रमाण कमी-जास्त होते.

हे प्लॅस्टिक तांब्याची जागा घेणार नाही. तांब्यापेक्षा ते लाखो पटींनी कमी वीज वाहते. मोटारीला जोडायची तार त्याची होत नाही. पण उच्च दाबाच्या केबलमध्ये तांब्यावर जो काळा थर असतो तो याच जातीचा. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवायची काळी तबकेही याचीच, कारण अंगावर साठलेल्या विजेची ठिणगी नाजूक भागाला मारते. केबलला शुद्ध माल लागतो. तबके, खोकी, चटया यांना मात्र पुन्हा वितळवलेले प्लॅस्टिकही चालू शकते.

अमेरिकेत राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या चमूने २०२० साली कचऱ्याला विजेचा जबर झटका देऊन त्यातून ग्राफीन हा उत्तम वीजवाहक कार्बन काढून दाखवला. त्या कचऱ्यात प्लॅस्टिकही होते. गंमत अशी की, प्लॅस्टिकमधून वीज जावी म्हणून आधी त्यात थोडी काजळीच मिसळावी लागली! आपल्या उसाच्या चिपाडाचाही कोळसा हवेशिवाय आठशे अंशांच्या वर तापवला तर वीज वाहू लागतो. चुलीतल्या कोळशाचे ते काम नव्हे.

मग अडचण कुठे आहे? ती आपल्या बांधावरच आहे. माती, खताचे क्षार आणि निरनिराळ्या जातींचे प्लॅस्टिक एकत्र आले की माल कमकुवत होतो. त्यात पीव्हीसीचा तुकडा गेला तर वितळवताना आम्ल सुटते आणि यंत्र खराब होते. उन्हाने जीर्ण झालेल्या मालात नवे प्लॅस्टिकही घालावे लागते. म्हणजे आपला माल जितका स्वच्छ आणि निवडलेला, तितकी त्याला किंमत.

तेव्हा सभासदांनी चार गोष्टी कराव्यात. नळ्यांच्या बाहेरच्या तोट्या व जोडण्या काढून नळ्या धुऊन गुंडाळाव्यात. पीव्हीसीचे पाइप वेगळे ठेवावेत. खताच्या गोण्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, त्यांचा ढीग निराळा करावा. आणि शेवटचे म्हणजे, काडी लावू नये. आपण नळ्या पेटवतो तेव्हा जो काळा धूर उठतो त्यातही काजळीच असते. पण ती ना नळीत राहते ना कारखान्यात जाते, ती आपल्याच लेकराबाळांच्या छातीत जाते.