रात्रीच्या कबड्डीला सव्वा लाखाची लेन्स लागते का?



मागे आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. सांगलीकडचा आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो, हात चांगला आहे. म्हणाला, "सर, तालुक्यात रात्रीच्या कबड्डी स्पर्धांची कामं मिळतायत. तीन मंडळांनी विचारलंय. ७०-२०० एफ २.८ लेन्स घेतोय, सव्वा लाखाची. लोन मंजूर झालंय, उद्या सही."

मी एवढंच विचारलं, "कॅमेरा मैदानापासून किती लांब ठेवणार आहेस?"

पलीकडे शांतता.

"मग सही चार दिवस थांबव. आधी टेप घेऊन मैदानावर जा."

आता तुम्ही म्हणाल, टीव्हीवर मैदानाच्या कडेला सगळे तीच मोठी लेन्स घेऊन बसलेले असतात. बरोबर आहे. पण तो फोटोग्राफर असतो, त्याला एका खेळाडूचा चेहरा हवा असतो. मंडळाला तुमच्याकडून अख्खा सामना हवाय. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हापासून लोकांना चढाई आणि तिच्याभोवती बंद होणारी साखळी एकाच फ्रेममध्ये बघायची सवय लागली आहे.

एक सोपा हिशेब देतो, वहीत लिहून ठेवा. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सचे मिलिमीटर. उत्तर येतं ते फ्रेममध्ये मावणाऱ्या जागेची रुंदी, मीटरमध्ये. त्या मुलाचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे रुंदी सुमारे २३.५ मिमी. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. बाजूच्या रेषेपासून १० मीटर मागे स्टँड लावला आणि लेन्स १८ मिमीवर ठेवली, तर २३.५ गुणिले १० भागिले १८, म्हणजे १३ मीटर. जवळची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम मावली. अंतर जवळच्या रेषेपर्यंतचंच धरायचं, कारण मैदान कापलं जातं ते तिथे.

आता ७० मिमी घाला. मैदानाच्या मध्यावर, म्हणजे १५ मीटरवर, फक्त ५ मीटर दिसतात. एका संघाचं अर्धं मैदानच साडेसहा मीटरचं! म्हणजे सव्वा लाखाची लेन्स पूर्ण मागे घेतली तरी एक बाजूसुद्धा फ्रेममध्ये बसत नाही. चढाईपटू डावीकडे निसटला आणि तुम्ही उजव्या कोपऱ्यातल्या बचावपटूचा गुडघा शूट करताय, असा प्रकार होईल.

मग एफ २.८ नकोच का? हवं, पण ते वेगळ्या लेन्सवर. रात्री प्रकाश कमी असतो. किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंत बारीक होतं. एफ २.८ मध्ये त्याच्या चौपट प्रकाश आत येतो. जिथे ६४०० आयएसओ लागला असता तिथे १६०० मध्ये भागतं, म्हणजे चित्रात दाणे कमी. सिग्माची १८-५० किंवा टॅमरॉनची १७-७०, दोन्ही एफ २.८, क्रॉप सेन्सरसाठीच बनलेल्या आहेत आणि भाड्याने मिळतात. आणि खरं सांगायचं तर किट लेन्स १८ मिमीवर स्वतःच एफ ३.५ असते. तिथे फरक फक्त दीडपटीचा. रुंद शॉटसाठी पहिल्या रात्री घरातली लेन्ससुद्धा चालून जाईल. दुकानदार हे सांगणार नाही, त्याचाही धंदा आहे.

लेन्सपेक्षा मोठा घात मात्र शटरने होतो. हे मी पैसे घालवून शिकलोय.

सुरुवातीच्या काळात एका मंडळाची रात्रीची फायनल घेतली होती. खेळ वेगवान, म्हणून शटर ठेवलं १/५००. छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन लॅपटॉपवर लावलं, तर चित्रावरून काळसर पट्टे वरून खाली सरकतायत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मंडळाने पैसे दिले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

झालं काय होतं? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यावर चालणारे मैदानावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचा एक पूर्ण फेरा येतो. १/५० ला दोन फेरे येतात. दोन्ही सुरक्षित. १/१२५, १/२५०, १/५०० ला फेरा अर्धवट तुटतो आणि पट्टे येतात.

म्हणून रात्रीची सेटिंग अशी: मेनूमध्ये एनटीएससी असेल तर पाल करा, म्हणजे २५ आणि ५० फ्रेम मिळतील. हे घरीच उरका, काही कॅमेऱ्यांत त्यासाठी कार्ड फॉरमॅट करावं लागतं. सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१००. पकडीचा क्षण २५ वर चालवला की निम्म्या वेगाचा स्लो मोशन आयता तयार. आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून ठेवा. ऑटोवर ठेवलं तर पांढऱ्या जर्सीचा संघ पुढे आला की चित्र काळवंडतं. एक सावधगिरी: तुमच्या कॅमेऱ्यात फोरके ५० फ्रेमवर चित्र कापलं जातं का ते तपासा. कापलं जात असेल तर वरचा १० मीटरचा हिशेब बदलतो, आणखी मागे जावं लागेल.

आदल्या संध्याकाळी दिवे लावतात तेव्हा मैदानावर जा आणि मोबाईलवर दिव्यांचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. लुकलुकताना दिसले तर १/१०० सोडायचं नाही. जनरेटरवर सामने असतील तर तपासणी जनरेटर चालू असताना करा, कारण त्याचा वेग हलला की वीजही ५० हर्ट्झवर टिकत नाही.

फोकसची भीती बऱ्याच जणांना असते. १८ मिमी, एफ २.८ वर १५ मीटरला, म्हणजे मध्यरेषेच्या मधोमध, हाताने फोकस लावा. साडेचार मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. मग ऑटोफोकस बंद! नाहीतर पंच समोरून गेले की कॅमेरा त्यांच्या पाठीला चिकटतो. झूम करून चेहरे घेणार असाल तेवढ्यापुरता ऑटोफोकस लावा.

आता पैशाचं. त्या मुलाचा हप्ता महिना सहा हजार बसत होता, दोन वर्षं. पाऊस लागला की मैदानावरच्या स्पर्धा बंद होतात, हप्ता मात्र आषाढातही चालूच. लेन्स भाड्याने घेतली तर भाडं मंडळाच्या कोटेशनमध्ये वेगळं दाखवता येतं. वर्षात किती रात्री ती लेन्स कॅमेऱ्यावर चढली याची नोंद ठेवा. भाड्याची बेरीज हप्त्यांच्या वर जायला लागली की खुशाल विकत घ्या.

त्याने सही केली नाही. १८-५० दोन रात्रींसाठी कोल्हापूरहून भाड्याने आणली, स्टँड गुणलेखकाच्या टेबलामागे प्लायवुडच्या खोक्यावर चढवला. तिन्हीतल्या दोन मंडळांचं काम झालं. तिसऱ्याने भावात घासाघीस केली, तर त्याने सोडून दिलं.

परवा पुन्हा फोन. "सर, आता टेनिस बॉल क्रिकेटचं काम आलंय, दिवसाचं. बॉलरच्या मागून, सीमारेषेबाहेरून घ्यायचंय. आता तरी ७०-२०० घेऊ?"

मी म्हटलं, अंतर सांग. साठ मीटर. २३.५ गुणिले ६० भागिले २००, म्हणजे सात मीटर. बॅट्समन, कीपर, स्टंप, सगळे आले. लेन्स २०० मिमीची हवीच. पण दिवस आहे! सूर्य लुकलुकत नाही, शटर १/५०० बिनधास्त. आणि एफ ५.६ ला उन्हात काही कमी पडत नाही. ५५-२५० सारखी साधी झूम पुरते, आणि तसली त्याच्या मित्राच्या कपाटात गेली तीन वर्षं पडून आहे.