मोत्यांची माळ आणि पाण्याची बाटली

‘साचलेले पाणी फेकून द्या’ असे रोज रुग्णांना बजावणाऱ्या डॉक्टरच्याच घरात डासांच्या अळ्या निघाव्यात, याला काय म्हणावे? दिव्याखाली अंधार, दुसरे काय! २०२३ च्या सप्टेंबरात ही वेळ माझ्यावर आली. नातवाला ताप भरला, तपासणीत डेंग्यू निघाला. आठवडाभर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सुदैवाने पोर बरे झाले.

त्याच सुमारास आरोग्यसेवक घर तपासायला आले. पिंप, टाकी, कूलर सगळे स्वच्छ. मग त्यांनी खिडकीतल्या बाटल्यांवर बॅटरी मारली. आमच्या सौ.नी हौसेने ‘मोत्यांच्या माळे’चे फाटे पाण्यात ठेवले होते. तीन बाटल्यांत अळ्या वळवळत होत्या. नातवाला चावलेला डास त्यातलाच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही; पण माझी मान खाली गेली ती गेलीच.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते.

गंमत अशी, की या झाडाला बाटलीची गरजच नाही. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातले. पाण्याची शिदोरी त्याच्या गोल पानांतच असते. उलट जास्त पाण्याने ते कुजते. आता आम्ही असे करतो :

चार इंचांचा निरोगी फाटा स्वच्छ कात्रीने कापावा. एक-दोन दिवस सावलीत तसाच ठेवावा. आपल्या जखमेवर खपली धरते, तसे त्याचे कापलेले टोक सुकते. मग ते सहसा कुजत नाही. तळाला भोक असलेल्या छोट्या कुंडीत दोन भाग जाडी वाळू आणि एक भाग माती भरावी. फाटा मातीवर वेटोळा करून ठेवावा आणि वाकवलेल्या तारेने हलकेच दाबावा. जिथे पेरे मातीला टेकतात, तिथे मुळे फुटतात. भरपूर उजेड द्यावा, दुपारचे कडक ऊन नको. मुळे धरेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, वरून हलके पाणी शिंपडावे. नंतर माती सुकल्यावरच द्यावे. पावसाळ्यात हे करू नये, दिवाळीनंतर करावे. आणि कुंडीखालच्या बशीत पाणी राहू देऊ नये. तिथेही डास होतात.

मनी प्लांटसारखी वेल पाण्यातच ठेवायची असेल, तर आठवड्याच्या कोरड्या दिवशी बाटली रिकामी करून आतून घासावी, मुळेही धुवावीत आणि तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा.

आणखी एक. हे हिरवे मणी मटारच्या दाण्यांसारखे दिसतात, पण ते विषारी आहेत. पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होऊ शकतात. रांगते मूल घरात असेल, तर कुंडी उंच टांगावी आणि खाली पडलेले मणी लगेच उचलावेत. मुलाने खाल्लेच, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे न्यावे.

आमची माळ आता खिडकीत हातभर लोंबते आहे. बाटल्या मात्र भंगारात गेल्या. वाचकहो, हे वाचून झाल्यावर आपल्या खिडकीकडे एकदा बघून या!