नवा कॅमेरा घेण्याआधी लेन्स बघा

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये निकाह-वलीम्याचे फोटो काढून घराला हातभार लावू पाहणाऱ्या मुलांसाठी आम्ही हे लिहितोय. हॉलमधले फोटो काळपट, हललेले आले की घरात विषय निघतो, नवा कॅमेरा हप्त्यावर घेऊ. आमचं म्हणणं, थांबा. बहुतेक वेळा अडचण कॅमेऱ्याची नसून सोबत आलेल्या १८-५५ लेन्सची असते. झूम केलं की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० एमएम एफ १.८ ही छोटी लेन्स तिच्या नऊपटींहून जास्त उजेड आत घेते, आणि नव्या बॉडीच्या मानाने बरीच स्वस्त पडते. दुल्हा-दुल्हनचे चेहरे सुंदर येतात. अख्खं खानदान एका फोटोत घ्यायला मात्र जुनीच लागेल, ती विकू नका.

निकॉनवाल्यांनी एक लक्षात ठेवा. डी ३५००, डी ५६०० या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेली मागा.

त्यानंतर फ्लॅश. डोकं वर फिरणारा घ्या, पांढऱ्या छतावरून उजेड मऊ होऊन खाली येतो. (मंडप लाल-हिरव्या कापडाचा असेल तर चेहऱ्यांवरही तोच रंग चढतो!)

सेकंडहँड बघायचं तर शहाडहून लोकलने सीएसएमटी गाठा, बोरा बाजार तिथून पायी अंतरावर. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. आत जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्यात वाढतच जाते. कितीही स्वस्त देत असला तरी घेऊ नका.