भूत कागदाचे, भीती मात्र खरी



कपाशीची वेचणी आटोपली, हाताला थोडी उसंत मिळाली, की घरातली तरुण पोरे भुताखेतांचे सिनेमे लावून बसतात. तेवढ्यावर थांबत नाहीत. कुणी रद्दीचा लगदा करून राक्षसाचे तोंड घडवतो, कुणी भोपळ्याला डोळे कोरतो, कुणी आजीच्या जुन्या लुगड्यातून हडळीचा पेहराव शिवतो आणि चार दोस्त जमवून मोबाईलवर पाच मिनिटांचा सिनेमा काढतो. आई म्हणते, 'घरात अवदसा आणू नको.' बाप म्हणतो, 'याला कामधंदा नाही.' शिरपूर तालुक्यात बांधावर उभ्याउभ्या ही तक्रार माझ्याही कानावर येते. म्हणून आज खतापाण्याचा विषय जरा बाजूला ठेवू. पोराचा मुखवटा चुलीत घालण्याआधी या नादाची कुळकथा तरी ऐका.

पहिली करामत वाटाण्याची

आपल्याकडे पडद्यावरच्या जादूची एक पहिली करामत झाली ती शेतातल्या दाण्यावर. मूळचे त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला. त्याआधी १९१२ साली त्यांनी घरीच कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत राहिले. ती सारी चित्रे पडद्यावर सलग पळवली, तेव्हा बी फुटून वेल वर चढताना डोळ्यांदेखत दिसला. 'अंकुराची वाढ' हे त्याचे नाव. हे बघून सावकाराचा विश्वास बसला आणि पुढच्या सिनेमासाठी पैसा उभा राहिला.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर आपला कॅमेरा स्वतःच बनवणारे. त्यांच्या १९२०च्या 'सैरंध्री'त भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका खरा वाटला, की सरकारने त्याला कात्री लावली. पडद्यावर कोणी मेले नव्हते. हातांची कारागिरी तेवढी मोठी होती.

घरच्या माणसांनी उभे केलेले भूत

१९८०च्या दशकात गावोगाव भाड्याने व्हीसीआर यायचा. वर्गणी काढून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायचे आणि पहाटे घरी जाताना चिंचेच्या झाडाखालून पळायचे, हे ज्यांनी केले त्यांना रामसे बंधू ठाऊक आहेत. ही सात भावंडे. वडील एफ. यू. रामसे यांचे रेडिओचे दुकान होते. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा सिनेमा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करतात, त्या प्रसंगाला मात्र लोक दचकत होते. भावांनी हे हेरले. पीक बुडाले, पण एक वाण टिकले, तर शहाणा शेतकरी त्याचेच बी राखतो. तसेच हे.

१९७२ साली त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला. महाबळेश्वरला मुक्काम टाकून थोडक्या दिवसांत आणि थोडक्या पैशांत काम उरकले. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक कथेवर, एक जोडकामावर, दोघे दिग्दर्शनावर. घरातल्या बायका सगळ्यांचा स्वयंपाक करत. एकत्र कुटुंबाने मळा कसावा तसा हा धंदा कसला. १९८४च्या त्यांच्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर होते! ज्याला बघून आपली दातखीळ बसली, तो पुलाचा नि इमारतीचा हिशेब जाणणारा माणूस होता.

मराठीत १९९३ साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने घराघरांतली पोरे घाबरवली. त्यातला तात्या विंचू हा बाहुला घडवला आणि हलवला रामदास पाध्ये यांनी. बोलक्या बाहुल्यांची कला त्यांच्याकडे वडिलांकडून, यशवंत पाध्ये यांच्याकडून आली. ज्या कलेने अर्धवटरावाला बोलते करून लोकांना पोट धरून हसवले, तिनेच तात्या विंचूला उभे करून भेदरवले.

बैलगाडीवरचा कॅमेरा

लांबचे कशाला? आपल्याच आग्रा रोडने धुळे ओलांडले की मालेगाव लागते. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. सिनेमे दाखवता दाखवता त्यांना स्वतः काढायची हुक्की आली. 'मालेगाव के शोले' काढला तो साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गावातलीच माणसे घेऊन. मोठ्या कंपन्या जिथे क्रेन आणतात, तिथे यांनी बैलगाडी लावली. जिथे रुळांवरची ट्रॉली लागते, तिथे सायकल. पुढे सुपरमॅन हवेत उडवायचा ठरले, तेव्हा हिरवे कापड पाठीमागे ताणून काम भागवले. या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ साली हिंदीत मोठा सिनेमाही आला.

काही सिनेमे पहिल्या दिवशी चालत नाहीत, पण वेडे चाहते त्यांना मरू देत नाहीत. शहरात याला 'कल्ट' सिनेमा म्हणतात. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' असाच. २०१८ साली आला तेव्हा जेमतेम चालला. २०२४ साली पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यातला हस्तर सोन्याचा धनी, पण धान्याला महाग. कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवायचे आणि त्याचे सोने लांबवायचे. भूत भयंकर आहेच, पण त्याहून भयंकर माणसाची हाव. आपल्या घरच्या परातीतली कणीक पडद्यावर एवढे सांगून जाते.

मुखवटा करायचाच तर असा

मुखवट्याचे आपल्याला वावडे नाही. नाशिककडच्या सुरगाणा-पेठ भागात आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याला बोहाड्यात देव-दैत्यांची सोंगे निघतात. लाकडाचे किंवा कागदी लगद्याचे मुखवटे लोक मानाने जपतात. पोराला म्हणावे, तूही नीट कर.

रद्दी रात्रभर भिजवून कुटावी, पाणी पिळून काढावे आणि मैद्याच्या खळीत मळावी. चिकणमातीचा साचा करून त्यावर ओल्या कोऱ्या कागदाचा थर द्यावा, म्हणजे मुखवटा सुटून येतो. मग लगद्याचे पातळ थर एकावर एक चढवावेत. सावलीत वाळवावा, कडक उन्हात तो तडकतो नि वाकडा होतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मुखवटा तोंडाला लावायचा असेल तर ती टाळावी, मोरचूद विषारी असते. त्याऐवजी मेथीची पूड घालावी. रक्त हवे असेल तर साखरेच्या घट्ट पाकात खायचा लाल रंग पुरे. हिचकॉकच्या १९६०च्या 'सायको' या कृष्णधवल सिनेमात न्हाणीघरात वाहते ते रक्तसुद्धा चॉकलेटचा पाक होते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा रंग कालवायला किंवा सोंग सजवायला कधीही घेऊ देऊ नका. धुतला तरी त्यातले विष जात नाही. आणि रात्री वाटेवर दबा धरून म्हाताऱ्या माणसांना, लहान लेकरांना घाबरवायचे नाही, ही अट घाला.

खरी हडळ कोणती?

आता ज्यासाठी हे सारे सांगितले त्याकडे येतो. सिनेमातले भूत तीन तासांत संपते. गावातले संपत नाही. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात कुणाचे लेकरू दगावले, कुणाची गाय आटली, की एखाद्या एकट्यादुकट्या बाईवर बोट ठेवायचे आणि तिला 'डाकीण' ठरवायचे, हा प्रकार घडत आलेला आहे. त्या बाईला मारहाण होते, गाव सोडावे लागते, कधी जीवही जातो. तिथे मुखवटा नसतो, रक्त पाकाचे नसते.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. अमकी करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे ठरवून कुणाला छळणे या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. गाय आटली तर कासदाह आहे का, वैरण-पाणी पुरते का, हे बघावे. गुरांच्या डॉक्टरला बोलवावे. शेजारणीच्या नजरेत कारण शोधू नये.

सिनेमाही नेहमी साधासुधा नसतो. शेवटी मांत्रिक येतो, मंत्र म्हणतो, भूत जळते. कच्च्या मनाला तेच औषध खरे वाटू लागते. यावर उपाय बंदीचा नाही, उलगड्याचा. नव्या वाणाचे प्रात्यक्षिक शेतात दाखवले की शेतकऱ्याचा संशय जातो. भुताचेही प्रात्यक्षिक दाखवावे. ज्या पोराने स्वतःच्या हाताने लगदा मळून राक्षस केला, पाक ढवळून रक्त केले, दिवा खालून धरून तोंड भेसूर केले, त्याला भीती कुठे आणि कशी तयार होते हे पक्के ठाऊक असते. अशा पोराला कुणी भगत सहजासहजी फसवू शकत नाही.

तेव्हा यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात त्याला अर्धा तास द्या. आधी त्याचा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघा, मनसोक्त घाबरा. मग दिवे लावून त्याला मुखवटा उलटा करून दाखवायला सांगा. आतून वर्तमानपत्राची अक्षरे दिसतील. ती पुढच्या रांगेतल्या लेकरांना वाचू द्या.