जंतुशास्त्राचे क्रमिक पुस्तक : स्वस्त आणि भरवशाचे

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की घरोघर एक कागद हातोहात फिरू लागतो. तो म्हणजे पुस्तकांची यादी. यादी शाळेची असेल तर वडील ती खिशात घालून दुकानाची वाट धरतात. ती वैद्यकाच्या वा प्रयोगशाळेच्या शिक्षणाची असेल तर आधी किमती वाचल्या जातात, आणि मग कागदाची घडी घालून तो फडताळात ठेवला जातो. आज या यादीतील एकाच विषयाचा विचार करावयाचा आहे : रुग्णोपयोगी सूक्ष्मजंतुशास्त्र, म्हणजे रोग्याचे रक्त, थुंकी, मूत्र वा पू तपासून त्यातील जंतू ओळखण्याचे शास्त्र. मी या शास्त्राचा अधिकारी नाही. जन्मभर क्रमिक पुस्तके शिकविलेला शाळामास्तर आहे. परंतु हाती पुस्तक नसलेला विद्यार्थी काय करतो, हे मी पुष्कळ पाहिले आहे. तो गाईड आणतो आणि पाठ करतो.

पाठ केल्याने बिघडते काय? एक उदाहरण घेऊ. मूत्राच्या तपासणीत दर मिलिलिटरला 1 लाख वा अधिक जंतू आढळले तर तो संसर्ग समजावा, असा एक ढोबळ नियम आहे. गाईडात हा आकडा ठळक छापलेला असतो. आता एखाद्या निरोगी बाईच्या मूत्रात बाहेरून मिसळलेले अवघे 200 जंतू आहेत असे धरा. एश्चेरिशिया कोलाय हा जंतू अनुकूल उबेत सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. परभणीच्या उन्हाळ्यात ती बाटली 3 तास टेबलावर राहिली, तर 9 वेळा दुपटी होऊन 200 चे 1 लाख 2 हजारांवर जातात. मूत्रात हा वेग काहीसा मंद असेल, पण हिशेबाचा रोख तोच राहतो. ज्याने आकडा पाठ केला तो ‘संसर्ग’ असे लिहून मोकळा होतो आणि त्या बाईला विनाकारण प्रतिजैविके घ्यावी लागतात. ज्याने प्रकरण वाचले तो प्रथम विचारतो, “नमुना केव्हा घेतला? थंड जागी ठेवला होता काय?” हा प्रश्न गाईडात नसतो, तो चांगल्या पुस्तकातच असतो. म्हणून पुस्तकाची किंमत हा केवळ विद्यार्थ्याच्या खिशाचा प्रश्न राहत नाही. त्याची झळ पुढे आपणा सर्वांच्या घरी पोहोचते.

परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडची शेतकऱ्यांची मुलेही आता हा विषय आपल्याच जिल्ह्यात शिकू शकतात. कॉलेज जवळ आले. पुस्तकही तसेच आवाक्यात यावयास हवे.

या बाबतीत आपल्या भागाला जुना अनुभव आहे. परभणी निजामाच्या राज्यात असताना हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले; परंतु त्याच्या आदल्याच वर्षी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून उर्दू क्रमिक पुस्तकांची तयारी आरंभिली गेली होती. आधी ग्रंथ, मग वर्ग, हा क्रम योग्यच होता. मात्र ज्या मुलांच्या घरी मराठी वा तेलुगू बोलली जाई, त्यांना ते ग्रंथही परक्या भाषेचेच वाटले असणार. पुस्तक आवाक्यात असणे म्हणजे पैशाने आणि भाषेने, दोन्हींनी असणे होय.

पुढे स्वातंत्र्योत्तर काळात ब्रिटिश सरकारच्या अर्थसाह्याने ‘ईएलबीएस’ या मालेतील विलायती पुस्तके स्वस्तात मिळू लागली. वैद्यकाच्या कित्येक पिढ्या त्यांवर शिकल्या. परंतु ते साह्य 1997 साली थांबले. उसन्या पाण्यावर मळा किती दिवस फुलणार? याउलट केरळातील अनंतनारायण आणि पणिकर या दोन प्राध्यापकांनी लिहिलेले सूक्ष्मजंतुशास्त्राचे पुस्तक 1978 साली भारतातच प्रसिद्ध झाले, आणि आवृत्तीमागून आवृत्ती काढीत ते आजही चालू आहे. आपल्याच देशातील शिक्षकाने आपल्याच विद्यार्थ्यांसाठी लिहिणे हा स्वस्ताईचा अधिक टिकाऊ मार्ग होय.

आता तर विनामूल्य पुस्तकेही उपलब्ध आहेत. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाने 2016 साली सूक्ष्मजंतुशास्त्राचे 26 प्रकरणांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते कोणीही उतरवून घ्यावे, छापावे, मूळ कर्त्याचा उल्लेख ठेवून त्यात फेरफारही करावा, अशी उघड परवानगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रयोगशाळेतील मूलभूत पद्धतींचे पुस्तकही (दुसरी आवृत्ती, 2003) फुकट मिळते. परंतु फुकट मिळाले म्हणून डोळे मिटून घेऊ नये. पहिले पुस्तक अमेरिकेतील आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्याकडील विषमज्वराच्या वा क्षयाच्या निदानाचा सर्व तपशील त्यात शोधू नये. दुसरे प्रात्यक्षिकास उत्तम, परंतु त्याला वीस वर्षे उलटून गेली आहेत.

मग जुने पुस्तक चालते की नाही? याचे उत्तर प्रकरणागणिक वेगळे आहे. ग्रामने 1884 साली सांगितलेली रंग देण्याची रीत आजही पहिल्याच तासाला शिकवतात. क्षयाचा जंतू कॉखने 1882 साली जसा दाखविला तसाच तो आहे. हा भाग जुन्या आवृत्तीतून खुशाल शिकावा. परंतु कोणते औषध कोणत्या जंतूस लागू पडते हे ठरविण्याची कोष्टके दरवर्षी सुधारली जातात. युरोपातील युकास्ट ही संस्था आपली कोष्टके विनामूल्य देते. जंतूंची नावेही बदलतात. कॅन्डिडा ऑरिस या बुरशीचे वर्णनच प्रथम 2009 साली झाले. त्यापूर्वीच्या पुस्तकात ती सापडणार कशी? तेव्हा जुन्या पुस्तकात औषधांच्या प्रकरणावर आडवी रेघ मारावी आणि शिक्षकाने चालू वर्षाचे कोष्टक वर्गात लावावे.

झेरॉक्सविषयीही दोन शब्द. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध विलायती प्रकाशकांनी 2012 साली दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 साली असा निर्वाळा दिला की शिकविण्याच्या ओघात, त्या हेतूस आवश्यक तेवढे उतारे एकत्र करून देणे कायद्यास धरून आहे. म्हणून अख्खे पुस्तक छापून बाजारात विकावे असा मात्र याचा अर्थ नव्हे.

आता प्रत्यक्ष पुस्तक लावावे कसे? प्रथम विभागातील शिक्षकांनी अभ्यासक्रम समोर ठेवून प्रत्येक घटकापुढे पुस्तकाचे पान लिहावे. रिकामी राहिलेली जागा आपल्या टिपणांनी भरावी. या टिपणांत मराठी प्रतिशब्द आणि जिल्ह्यात नित्य आढळणाऱ्या रोगांची उदाहरणे असावीत. पुस्तक पडद्यावरच वाचावे लागते अशी सबब राहू नये, म्हणून ग्रंथालयात छापील प्रती ठेवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, लावलेल्या पुस्तकातूनच प्रश्न काढावेत. परीक्षा गाईडाची आणि शिफारस ग्रंथाची, असे झाले तर विद्यार्थी गाईडच घेणार. त्यात त्याचा दोष नाही.

आपण घरी बसून एवढे करू शकतो. मुलगा वा मुलगी पास झाली की पुस्तके रद्दीत न घालता कॉलेजच्या ग्रंथालयात द्यावीत. आणि आपल्या तपासणीचा अहवाल हाती आला की क्षणभर आठवावे : हा कागद ज्याने लिहिला, त्याच्या हाती विद्यार्थिदशेत पुस्तक होते काय?