टाकीचे घाव

पाट्याला टाकी लावणारी बाई आमच्या पिरनवाडीच्या गल्लीत येई, तेव्हा लहानपणी मी तिच्यासमोर बसून राही. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर शेकडो घाव बसत, कपच्या उडत, खळगे पडत. परंतु पाटा कधी दुभंगत नसे. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर एका मुलाच्या खड्याने खिडकीच्या काचेला भोक पडले. समोरून ते बारीक होते, मागे मात्र नरसाळ्यासारखे पसरले होते. मुलाला मी नको तितके बोललो. पण त्या भोकाने जुना प्रश्न पुन्हा जागा केला.

ठिसूळ पदार्थ दाब पुष्कळ सोसतात, ताण मात्र फारसा सोसत नाहीत. दोन वक्र पृष्ठे एकमेकांवर दाबली असता दाब कसा वाटला जातो, याचे गणित हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८१ साली मांडले. गोल खडा काचेवर टेकतो तेथे मध्यभागी दाबच असतो. त्या वर्तुळाच्या काठाबाहेर मात्र पृष्ठभाग ओढला जातो. तेथील एखादी अदृश्य चीर उघडते, काठाभोवती कडे पूर्ण करते आणि शंकूच्या आकारात खाली उतरते. दाबले एकीकडे, तुटले शेजारी!

मग ती थांबते का? भेग वाढावयाची तर नवा पृष्ठभाग निर्माण व्हावा लागतो. त्याचा खर्च पदार्थात साठलेल्या ऊर्जेतून भागतो, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दाखविले. शंकू खोल जाईल तसा त्याचा घेर वाढतो, म्हणून खर्च वाढतो. दाबाच्या जागेपासून दूर गेल्याने ओढ मात्र मंदावते. जमा अपुरी पडली की भेग थांबते.

टाकीचे टोक अणकुचीदार, म्हणून त्याखाली प्रथम थोडा चुरा होतो. काचेवरील प्रयोगांत असे दिसते की, टोकदार हत्याराखालच्या आडव्या भेगा दाब काढून घेताना पसरतात आणि वर वळून कपची उडवितात. घाव बेताचा असेल, तर खाली गेलेली भेग थोडक्यात थांबते.

ही विद्या फार जुनी. प्रवरेकाठच्या नेवाशाला डॉ. हसमुख सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे अश्मयुगीन हत्यारेही मिळाली. अशा हत्यारांसाठी काढलेल्या छिलक्यांवर आघाताच्या जागेखाली जो फुगवटा आढळतो, तो याच शंकूचा अंश होय.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मी मुलांना अनेकदा ऐकविली. आता वाटते, ती आधी मी ऐकावयास हवी होती. सोसण्याची मर्यादा दगडाची असते. घावाचा बेत मात्र टाकी धरणाऱ्याच्या हाती असतो.