पदकाआधीचा भात

खेळाडूच्या जीवनावरील चित्रपटांत गरिबीला एक ठरावीक जागा मिळते. आरंभी ती दिसते, मध्यंतरापर्यंत नायकाला छळते आणि अखेरीस पदकाच्या झळाळीत विरून जाते. हालअपेष्टांतूनच माणूस घडतो आणि जिद्द असेल तर वाट कोणी अडवू शकत नाही, ही समजूत घेऊन प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो. समजूत सोयीची आहे. कारण ती पत्करली की उपाशी मुलासाठी समाजाने काही करावयाचे उरत नाही. या सोयीच्या समजुतीला हादरा देणारा एक बंगाली चित्रपट चार दशकांपूर्वी निघाला. त्याचे नाव 'कोनी'.

क्रीडा-पत्रकार आणि कादंबरीकार मती नंदी यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून सरोज दे यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. निर्माते होते पश्चिम बंगालचे सरकार. १९८४ सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत निकोप करमणूक करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. सौमित्र चॅटर्जी यांनी प्रशिक्षक क्षितीश सिन्हा उभा केला, तर श्रीपर्णा बॅनर्जी कोनी झाली. गंगेच्या घाटावर, पाण्यात सोडलेले आंबे मिळविण्यासाठी मुलांशी झुंजणारी ही मुलगी क्षितीशच्या नजरेस पडते आणि हिच्यात जलतरणपटू आहे हे तो ओळखतो. ओळखणे सोपे असते. अवघड असते ते पुढचे. कोनीचे घर झोपडपट्टीत आहे. मोटारीच्या गॅरेजमध्ये राबणाऱ्या थोरल्या भावाच्या कमाईवर ते चालते. एके काळी पोहण्याची स्वप्ने पाहिलेला हा भाऊ पुढे क्षयाने मरतो आणि घराचा आधारच तुटतो.

कथेतील सर्वांत मोलाचा प्रसंग शर्यतीचा नाही, खाण्याचा आहे. अधिक वेळ पोहलीस तर रोज अंडी, केळी आणि टोस्ट देईन, असे क्षितीश कोनीला सांगतो. ती उत्तर देते की खाणे नको, त्याचे पैसे द्या. त्या पैशांचा घरी भात शिजेल, हे तिचे साधे गणित. प्रशिक्षकाला त्या मुलीच्या स्नायूंची काळजी आहे, मुलीला आईच्या चुलीची. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा पेच जिद्दीने सुटणारा नाही. व्यायामाने झिजलेले शरीर विश्रांती आणि अन्न यांच्या बळावर पुन्हा बांधले जाते. अन्न नसेल तर ते स्वतःचेच स्नायू खाऊ लागते. मेहनतीचा थकवा आणि उपासमारीचा थकवा यांना एकाच मापाने मोजून दोहोंचाही गौरव करणे हा अज्ञानाचा प्रकार आहे.

क्षितीश हा संत नव्हे. तो कठोर आहे, क्वचित निर्दयही. मुलीची भूक हे तिला पाण्यात ठेवण्याचे साधन होऊ पाहते, हे चाणाक्ष प्रेक्षकाला खटकल्यावाचून राहत नाही. परंतु हाच माणूस आपल्या पत्नीच्या शिवणकामाच्या दुकानात कोनीला काम मिळवून देतो. घराची तजवीज केल्यावाचून सराव होणार नाही, हे त्याला उमगले आहे. क्लबातून त्याला दूर करणाऱ्या प्रतिष्ठितांना ते उमगत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या ध्यानात येण्याजोगी आहे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोनीच्या समोर उभी ठाकते ती महाराष्ट्राची रमा जोशी. तिचा पराभव व्हावा असे मराठी माणसालाही त्या क्षणी वाटते, इतकी पकड या कथेची आहे. पण तेथवर पोहोचूनही कोनीला बाकावर बसवून ठेवलेले असते. पोहण्याच्या खेळात घड्याळ निःपक्षपाती असते. ते लावणारे हात मात्र तसे असतातच असे नाही. संघातील मुलगी आजारी पडते म्हणून रिले शर्यतीत कोनीला संधी मिळते. सहकारी आजारी पडली नसती तर काय, हा प्रश्न तिच्या विजयाच्या आनंदातही बोचत राहतो.

हे केवळ बंगालचे दुःख नव्हे, आणि केवळ पडद्यावरचेही नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. या त्यागापुढे मान झुकते; परंतु देशाचे पदक एका प्राचार्याच्या घराच्या गहाणखतावर अवलंबून असावे, ही अभिमानाइतकीच लाजेचीही गोष्ट आहे.

आज परिस्थिती पालटली आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१८ पासून 'खेलो इंडिया' योजनेखाली निवडलेल्या खेळाडूंना किरकोळ खर्चासाठी दरमहा १०,००० रुपये भत्ता ठरविण्यात आला. मात्र 'निवडलेल्या' हा शब्द येथे महत्त्वाचा. कोनीला पैशांची गरज निवड होण्यापूर्वी होती. तिच्यासारखी मुले गळतात तीही त्याच टप्प्यावर. केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना इयत्ता आठवीपर्यंत आहे. शरीराची वाढ आणि सरावाचा ताण एकदमच वाढतात त्या वयात मुलगा वा मुलगी नववीत गेलेली असते. पहाटे मैदानावर येणाऱ्या अशा मुलांना शाळेतच पोटभर न्याहारी आणि जाण्यायेण्याचे भाडे देणे, तसेच निवडीच्या वेळांची आणि गुणांची यादी उघड्यावर लावणे, यासाठी फार मोठी क्रीडासंकुले लागत नाहीत. लागते ती गरजेच्या वेळी मदत पोहोचविण्याची बुद्धी.

क्षितीशसारखे वेडे प्रशिक्षक आणि खर्डेकरांसारखे गुरुजन प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाहीत. ते येतील या भरवशावर क्रीडाधोरण उभारता येत नाही. 'कोनी' पाहून शिक्षकाने आपल्या वर्गातील सर्वांत चपळ मुलाला एवढेच विचारावे, की तू सकाळी काय खाऊन आलास? त्या उत्तरावर शाळेने आणि शासनाने काय केले, यावरून आपल्या क्रीडाप्रेमाची परीक्षा व्हावी.